उलारची खबरबात

बालिकची
७ ऑगस्ट २०२२

चि. एसेनबेक यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. राग गेलेला नाही, पण आशीर्वाद खरे आहेत. वि. वि.

हे पत्र कादीरच्या मिनीबसमधून येतंय. सोबत सुक्या मासळीची पिशवी आहे, ती तुझी नाही, नूरकानची आहे. तुला एखादा तुकडा मिळाला तर नशीब समज.

फोन का करत नाही म्हणून नूरकानने विचारलं होतं. तिला सांग, तुझा नवरा तब्येत विचारून होण्याआधीच युक्रेनच्या युद्धावर पोचतो. मग तो ओरडतो आणि मी फोन आपटते. कागदावर निदान ओरडता येत नाही. तू शाळामास्तर, तुला लिहायची सवय आहे. माझं अक्षर स्टेशनात पार्सलांवर पत्ते लिहून बिघडलं, ते गोड मानून घे.

लग्नातलं मी विसरलेले नाही. चुलतभावाची लेक नव्या झग्यात उभी, तू हातात पेला घेऊन उठलास, सगळ्यांना वाटलं काका आशीर्वाद देणार. तू रणगाड्यांवर सुरू झालास! अर्धं टेबल उठून अंगणात गेलं. नवरीची सासू मला विचारत होती, की तुमच्या भावाला बरं नाही का. मी म्हटलं, भूगोल शिकवून शिकवून जगाची काळजी लागलीय त्याला.

इकडे सगळं नेहमीसारखं. वारा आहे, धूळ आहे. संध्याकाळी झूरा आणि आणखी दोघी येतात, मी चहा ठेवते आणि मॉस्कोच्या बातम्या लावते. तमारा मात्र येत नाही. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, पण येत नाही. मे महिन्यात ती बातम्या चालू असताना म्हणाली, की तिची बहीण खारकिवमध्ये तळघरात बसून आहे आणि वरचा मजला राहिलेला नाही. झूरा म्हणाली, घरांवर कोणी काही टाकत नाही, आत्ताच तर सांगितलं, तुझ्या बहिणीला कोणीतरी पढवलंय. तमाराने कप उपडा ठेवला आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. बातम्या चालू होत्या.

उलार तिकडे रशियात, चेल्याबिन्स्कला बरा आहे. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्यांचा लाल रशियन पासपोर्ट मिळाल्यापासून पोलीस अडवत नाहीत, कागद मागत नाहीत. माझं पोरगं तिथे आता माणसासारखं चालतं. एकच विनंती: त्याला तुझे ते व्हिडिओ पाठवू नकोस. कामावरून दमून येतो आणि जळालेली घरं बघत बसतो. तो तुझा भाचा आहे, तुझा विद्यार्थी नव्हे.

मुलींना पापे. माया आहे तशी ठेव, भांडणासकट.
तुझी
सायराकान


बिश्केक
१९ ऑगस्ट २०२२

ती. एजेस,
धाकट्या भावाचा थोरल्या बहिणीला सलाम. वि. वि.

पत्र पावलं, मासळी पावली. मासळी पत्रापेक्षा कमी खारट होती.

लग्नात मी चुकलो. नवरीची माफी मागितली आहे, सासूची मागणार नाही. पण एजे, बालिकचीतल्या एका रशियन बाईला तुम्ही चौघी किर्गिझ बाया रशिया समजावून सांगता, हे मी नूरकानला वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. मग तिनेच आठवण करून दिली, की उलारच्या वेळी तुला हिमवादळात दवाखान्यात नेणारी तमाराच होती. मग हसता आलं नाही.

माझंही ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. आमची शाळासोबत्यांची महिन्याची बैठक तुला माहीत आहे, पाळीपाळीने एकेकाच्या घरी जेवण, पंचवीस वर्षं चाललेली. जूनमध्ये मी शेरालीला म्हणालो, की तुझ्या खांद्यावर डोकं नाही, टीव्हीचा डबा आहे. त्याने मला ग्रुपमधून काढून टाकलं. जुलैत त्याच्याकडे मेंढी कापली, मला निरोपही नाही. ज्याच्या कॉपीत बघून मी गणितात पास झालो, तो माणूस! आता मी तिघांबरोबर बाजारातल्या चहाखान्यात बसतो. चौघांच्याही फोनवर तेच चॅनेल असतं. एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा संपवतो. वाद नाही, काही नाही.

आता उलारचं. लाल पासपोर्ट पोलिसापासून वाचवतो हे खरं आहे. पण ज्याचा पासपोर्ट त्याचं सैन्य, हेही खरं. त्यांच्याकडे माणसं कमी पडताहेत असं इकडे रोज सांगतात. तुझ्या बातम्यांत ते येणार नाही. त्याला घरी बोलाव. मी सांगितलं तर तो मामाची टकळी समजतो, आईचं ऐकेल.

नूरकानने जर्दाळूचा मुरंबा दिला आहे. बरणी परत पाठव, नाहीतर मला घरात घेणार नाही.

तुझा, शिव्या खाऊनही तुझाच,
एसेन


बालिकची
२५ सप्टेंबर २०२२

चि. एसेन यास आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितेय, कादीर दारात हॉर्न वाजवतोय. रशियातल्या सक्तीच्या सैन्यभरतीचं तूही ऐकलं असशील. घाबरू नकोस आणि त्याला घाबरवू नकोस. मी बातम्या नीट ऐकल्या, पुन्हा लागल्या तेव्हा पुन्हा ऐकल्या. ज्यांनी पूर्वी सैन्यात नोकरी केली आहे त्यांनाच बोलावताहेत. उलारने तिकडे कुठे केली? त्याने फोन करून मला विचारलं, की आई काय करू, इथली पोरं पळताहेत. मी सांगितलं, जागचा हलू नकोस. पळालास तर उगाच नजरेत येशील. झूराही म्हणाली, की पळणाऱ्यांची नावं लिहून घेताहेत.

त्याचा आवाज बारीक झाला होता. नीट जेवत नसेल. तू त्याला फोन केलास तर हसतखेळत बोल, एवढंच सांगते.
सायराकान


बिश्केक
२९ सप्टेंबर २०२२

ती. एजेस,
सलाम वि. वि.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा उलार चेल्याबिन्स्कहून निघालेला असेल. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. आता हवं तेवढं बोल मला.

त्याच्या खोलीतला मेदेर परवाच्या विमानाने येतोय. उलारनेही त्याच विमानात जागा धरली होती. मी ती सोडायला लावली. आमच्या चॅनेलवर गेले काही दिवस एकच दाखवताहेत, विमानतळावरच्या रांगेतून पोरांना बाहेर ओढतात आणि गाडीत घालतात. चहाखान्यातल्या तिघांनीही तेच सांगितलं, विमानाचं नावसुद्धा काढू नको. मी त्याला रस्त्याने यायला सांगितलंय. तिथून कझाकस्तानची हद्द जवळ आहे. मोठं नाकं टाळून एक लहान नाकं आहे, आजूबाजूला गव्हाची शेतं, दिवसाला थोड्याच गाड्या जातात. नकाशा पुढे ठेवून फोनवर त्याला गावागावाने रस्ता सांगितला. एवढी वर्षं पोरांना नकाशे शिकवले, आज पहिल्यांदा त्याचा कुणाला उपयोग होतोय.

त्याने शेवटी विचारलं, की मामा, आई जागचा हलू नको म्हणते, नक्की कुणाचं ऐकू. मी म्हणालो, ज्याच्या बातम्या खऱ्या आहेत त्याचं.

तीनचार दिवसांत तो तुझ्याकडे असेल. तेव्हा मला मिनीबसने एक शिवी पाठव, मी ती नूरकानला वाचून दाखवीन.
एसेन


बालिकची
१६ ऑक्टोबर २०२२

एसेन,

उलार आला नाही. मेदेर आला. विमानाने आला, सरळ, चहा पीत. रांगेत त्याला कुणी काही विचारलं नाही. तो उलारची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि उलार पोचला का असं विचारलं. पिशवीत माझ्यासाठी शाल आहे. जास्तीचं सामान रस्त्याने नको म्हणून त्याने ती मेदेरकडे दिली होती.

काल उलारचा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून. तुझ्या त्या लहान नाक्यावर, गव्हाच्या शेतांत, भरतीवाले टेबल टाकून बसले होते. गाड्या थोड्या, त्यामुळे एकेकाला सावकाशीने बघत होते. लाल पासपोर्ट दिसला, खाली उतरवलं. एक तर तुरुंग, नाही तर करारावर सही, असं म्हणाले. त्याने सही केली. मला म्हणाला, की आई, मामाला बोलू नकोस.

म्हणून बोलत नाही.
सायराकान


बिश्केक
२ नोव्हेंबर २०२२

ती. एजेस,
नमस्कार लिहितो आहे. घ्यावासा वाटला तर घे.

मी काय लिहू? दोन वकिलांकडे गेलो. एकाने सांगितलं, आपला पासपोर्ट असता तर काहीतरी करता आलं असतं. दुसऱ्याने दार अर्धंच उघडलं. नूरकान माझ्यासमोर ताट ठेवते आणि आतल्या खोलीत जाऊन जेवते.

चहाखान्यात गेलो होतो. मला वाटलं, तिघं निदान जवळ बसतील. त्यांना सगळं सांगितलं. मग एक जण म्हणाला, वाईट झालं, पण पासपोर्ट त्याने स्वतःच्या हाताने घेतला होता ना, मग आता तो त्यांच्यातला झाला. दुसऱ्याने मान हलवली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मान हलवली असती, एजे. दुसऱ्याच्या भाच्याबद्दल मीही असंच बोललो आहे, त्याच टेबलावर.

आता घरीच असतो. पकडलेल्या सैनिकांचे व्हिडिओ बघतो. पूर्वी ते बघून मला बरं वाटायचं. आता प्रत्येक चेहरा थांबवून बघतो, तो नसला की सुटलो असं वाटतं, आणि लगेच वाटतं, पकडला गेला असता तर बरं झालं असतं.

त्याचा फोन आला तर मला कळव. दोन शब्द पुरेत.
एसेन


बालिकची
११ जानेवारी २०२३

एसेन यास आशीर्वाद. वि. वि.

न लिहायचं ठरवलं होतं. पण नूरकानने कादीरबरोबर औषध पाठवलं आणि त्यात तुझा मफलर होता. म्हणून लिहितेय.

उलारचा वर्षअखेरीला फोन आला. जिवंत आहे. मागच्या फळीत आहे, गाडी चालवतो, असं म्हणाला. टीव्हीवरही सांगतात, की नव्या पोरांना मागेच ठेवतात, गरम कपडे देतात, सूप देतात. तू हसशील. हस. मी सकाळपासून टीव्हीपुढे बसते. एखाद्या वार्ताहराच्या मागे पोरं उभी असतात, कुणी लाकडं आणत असतो, कुणी डबा धूत असतो. त्यांच्यात मी त्याला शोधते. एकदा एकाची चाल अगदी त्याच्यासारखी वाटली. मी उठून पडद्याला हात लावला, झूरा हसली, म्हणाली तुझा उलार हिरो झाला.

मी त्याला फोनवर सांगितलं, की बाळा, बातम्यांत म्हणाले, उन्हाळ्याआधी सगळं संपेल. तो नुसता हं म्हणाला. मग कुठलं गाव जिंकलं तेही सांगितलं. त्यावरही हं म्हणाला. मग लाइन गेली.

तमाराच्या बहिणीचं काय झालं ते मला माहीत नाही. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. जावंसं वाटतं. माझा मुलगा तिकडे, तिची बहीण तिकडे, मी तिच्या दारात काय म्हणून उभी राहू?

मुलींना जप. मफलर परत पाठवतेय, थंडीत गळा उघडा ठेवू नकोस.
सायराकान


बालिकची
२० मार्च २०२३

चि. एसेन यास,
आशीर्वाद, आणि हे पत्र पुरं वाच.

उलारला माती दिल्यानंतर मी तुला सगळ्यांसमोर अंगणातून जा म्हणाले. तू गेलास. मफलर तंबूत राहिला, जपून ठेवला आहे. का म्हणाले ते आता लिहिते, कारण त्या दिवशी माझ्या तोंडून धड एकही वाक्य निघत नव्हतं.

पेटी उघडू नका असं त्यांनी विमानतळावर सांगितलं, ते तू ऐकलंस. माझ्या मुलाला मी आंघोळ घातली नाही, त्याचा चेहरा बघितला नाही. पेटीवर नाव होतं, त्यावर विश्वास ठेवला. हल्ली सगळ्यावर ठेवते तसा.

अंगणात तंबू उभा राहिला, तुम्ही पुरुष काठ्यांवर ओणवे होऊन बाहेर आक्रोश करत होता, मी आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. झूरा माझ्या कानात म्हणाली, की रडू नकोस, अशा आयांनी ताठ बसायचं असतं, टीव्हीवर सांगतात. मी तिच्या हातातला चहाचा वाडगा काढून घेतला आणि तिला बाहेर काढलं. तेवढ्यात ते कोणत्यातरी मंडळाचे गृहस्थ आले, निशाण घेऊन, भाषण करायला. तू त्यांना ढकललंस. त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. त्यांच्या कागदावर उलारचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं.

पण मग मेदेरच्या फोनवर मी उलारचा फोटो बघितला. शाळेच्या निरोपाच्या दिवशीचा, पांढऱ्या शर्टातला. तो तुझ्याकडेच होता. तू तो चहाखान्यातल्या तुझ्या मित्राला दिलास आणि त्याने तो तुमच्या चॅनेलवर लावला. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच असं मी मेदेरला सांगितलं. तो वाचेना. मी हट्ट धरला. एकाने लिहिलं होतं, बरं झालं, एक कमी. एकाने लिहिलं होतं, भरपाईच्या पैशातून याच्या आईला आता नवा टीव्ही मिळेल. एकाने नुसता हसरा चेहरा टाकला होता. एसेन, ती कुठली परकी माणसं नव्हती, नावं सगळी आपली होती. म्हणून तुला जा म्हणाले.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. तुला वाटलं, लोक बघतील आणि हळहळतील. मलाही झूराबद्दल तसंच वाटलं होतं.

टीव्ही बंद केला का असं नूरकानने विचारलं. नाही केला. आवाज बंद केला की घर खायला उठतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. तंबूत आईने शोकगीत गायचं असतं. त्यात मुलाचं आयुष्य सांगायचं असतं, तो कसा होता, त्याला काय आवडायचं. मी गायला लागले. जन्मापासून गायले, गोवर झाला ते गायले, शेळीच्या मागे धावून दात पाडून घेतला ते गायले, स्टेशनावर त्याला निरोप दिला ते गायले. आणि तिथे थांबले. बायकांना वाटलं, माझा कंठ दाटला. कंठ दाटला नव्हता. त्याच्या पुढचं मला काही ठाऊकच नव्हतं. चार वर्षं तो तिकडे होता. तो कुठल्या रस्त्यावर राहायचा, कुणाबरोबर जेवायचा, त्याला कुणी मुलगी आवडायची का, काही नाही. दर रविवारी फोन असायचा. तो काहीतरी सांगायला लागायचा आणि मी म्हणायचे, ते राहू दे, आधी हे ऐक, आज बातम्यांत काय सांगितलं. आणि मामाचं काही ऐकू नकोस.

तू त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचास. जे असेल ते मला लिहून पाठव. युद्धाचं नको, कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं ते नको. फक्त उलारचं. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मला पुढचं गायचं आहे.

तूही ये. आणखी कुणाला बोलावलेलं नाही.
तुझी एजे
सायराकान


बिश्केक
२ एप्रिल २०२३

ती. एजेस,
पाया पडून सलाम. वि. वि.

फोटो काढून टाकायला लावला. मित्राशी बोलणं संपलं. त्याचं सांत्वन मला नको आणि माझी माफी तुला नको, हे मला समजतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

तुझं पत्र आल्यापासून रोज संध्याकाळी त्याचे निरोप वाचतो आहे. फोनमध्ये सगळे आहेत, पहिल्यापासून. खाली सरकवत जावं तेवढे कमी. आणि एजे, ते जवळजवळ सगळे माझेच आहेत. हे बघ, ते बघ, तुझ्या आईला हे दाखव, डोळे उघड. त्याची उत्तरं दोनतीन शब्दांची. बघतो मामा. जेवतोय मामा, नंतर. बरं मामा. एकदा त्याने लिहिलं होतं, मामा आज माझा वाढदिवस. त्याच्या वर माझा व्हिडिओ आणि खालीही माझाच व्हिडिओ. शुभेच्छा दिसत नाहीत. फोनवर दिल्या असतील, असं स्वतःला सांगतो.

मेदेरला भेटून आलो. तो म्हणाला, की खोली एक होती पण पाळ्या उलट्या होत्या, एक झोपायला यायचा तेव्हा दुसरा कामाला निघायचा. उलार गादी नीट घालून जायचा, असं म्हणाला. बस, तेवढंच. पत्ता मिळाला, तो वेगळ्या कागदावर लिहिला आहे. रस्त्याला कुठल्याशा कवायतीचं नाव आहे, गाण्यात बसणार नाही.

पण एक सापडलं. लिहून नव्हे, बोलून पाठवलेलं, मागच्या वर्षीच्या मार्चमधलं. मी ते तेव्हा पुरतं ऐकलंच नव्हतं. तो बागेतल्या गोठलेल्या तळ्यावर आहे. कुणाचे तरी बर्फावर घसरायचे बूट मागून घातलेत. आजूबाजूला पोरं ओरडताहेत. एक लहान मुलगी त्याला शिकवतेय, गुडघे वाकव, खाली बघू नको, असं दरडावतेय, आणि तो तिला बाई बाई म्हणतोय. मग धप्पकन आवाज येतो, आणि मग तो हसतो. खूप वेळ हसतो. मग मला विचारतो, की मामा, मी सरोवराच्या काठावर वाढलो आणि मला बर्फावर उभं राहता येत नाही, हे इथे कुणाला पटतच नाही. मी सांगतो, आमचं सरोवर गोठत नाही. ते विचारतात, का? मला सांगता येत नाही. तू भूगोलाचा मास्तर, सांग ना, आपलं सरोवर का गोठत नाही?

त्याच्या खाली माझं उत्तर आहे. मी लिहिलं आहे, ते सोड, आधी हे बघ. आणि व्हिडिओ.

दरवर्षी सहावीला शिकवतो ते मी, एजे. पाणी फार खोल आहे म्हणून. थोडं खारं आहे म्हणून. वर गार झालेलं पाणी खाली जातं आणि खालचं उबदार पाणी वर येतं, सारखं, हिवाळाभर. त्याला सांगायला दोन मिनिटं लागली नसती.

यातलं तुला जे गाता येईल ते गा. माझ्याकडे दुसरं काही नाही. शुक्रवारी कादीरच्या मिनीबसने मी स्वतःच येतोय, नूरकानही आहे. फोन घेऊन येतो. तुला ऐकवतो. हसणं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

तुझा धाकटा,
एसेन